हंसीण वळून बघते का

रविवारी दुपारी आम्ही घरच्यांनी लहानपणीचा तो कार्टूनचा सिनेमा पुन्हा पाहिला. त्यातली हंसीण पिल्लांना तळ्याकाठी ठेवून उडून जाते. माझी लेक गाण्यांवर खूश झाली, नवऱ्याला सगळंच संथ वाटलं. ताई मात्र म्हणाली, "दुष्ट सिनेमा आहे. ती एकदाही वळून बघत नाही."

"बघते की!" मी तो प्रसंग पुन्हा लावला. हंसीण वळली, थबकली, मग गेली. ताई डोळे मिटून बसली होती.

आमची आई घर सोडून गेली तेव्हा मी पाळण्यात होते. त्या दिवसाबद्दल ताईला कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं, "आईने वळून बघितलं होतं का गं?"

"मला कसं कळणार? लपाछपी खेळू म्हणाली होती. मी भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजत होते. शंभर झाले, तरी मागे वळायचा धीर होईना."