पाच जबाब, एकच वेळ

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पोलीस खात्यात सत्तावीस वर्षं झाली. बेवारस मुडदे राखले, स्मशानाशेजारी नाकाबंदी केली... भूत सोडा, भुताचा खबरीसुद्धा कधी भेटला नाही. तरी हे लिहितोय, कारण या प्रकरणाचे कागद माझ्याच अक्षरात आहेत आणि ते मलाच उलगडत नाहीत.

मी कर्जत तालुक्यातल्या एका ठाण्यात हवालदार आहे. सुट्टी संपूनही जवान हजर झाला नाही, की त्याच्या युनिटचा कागद अलिबागच्या मुख्यालयामार्गे आमच्याकडे येतो. फोटो, उंची, अंगावरच्या खुणा, आणि खाली ‘मिळून आल्यास ताब्यात घ्यावे’. मग पोलीस पाटलाला सोबत घेऊन घरी जायचं, शेजाऱ्यांचे जबाब लिहायचे. बरेचसे बहाद्दर सासुरवाडीत सापडतात.

गेल्या हिवाळ्यात मिलिंदच्या नावाचा कागद आला. गाव कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. घरात फक्त आई, शेवंताबाई.

“तीन आठवडं झालं त्याला जाऊन,” त्या म्हणाल्या. “मीच कशेळ्याला जीपमदी बसवून आले. तितं पोचला नाय म्हंजे गेला कुटं, साहेब?”

बाई लपवत नव्हत्या, हे दिसत होतं. पण आमच्या धंद्यात चेहऱ्यावर जाऊन चालत नाही. शेजारी चौकशी सुरू केली.

पहिलाच दुकानदार म्हणाला, “मंगळवारी आलता की. सकाळी साडेनवाला. ‘सुट्टी वाढली का रं?’ इचारलं, तर नुसता हसला.”

म्हटलं चला, काम फत्ते. शाळेत गेलो. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, मंगळवारी साडेनऊच्या प्रार्थनेला तो कुंपणापाशी उभा होता. नदीवर धुणं धुणाऱ्या वहिनींना तो पल्याडच्या काठाला दिसला होता, तेव्हाच. शेजारच्या आजोबांच्या तो त्याच वेळी पाया पडून गेला होता. आणि कशेळ्याचा जीपवाला म्हणाला, “साडेनवाची गाडी सोडत व्हतो. दाराशी आला. बस म्हनलं, तर बसला नाय.”

पाच माणसं, पाच जागा, एकच वेळ. आधी वाटलं, गाव पढवलेलं आहे. पण लपवायचंच असतं तर सगळे ‘पाहिलाच नाही’ म्हणाले असते ना? हे तर उलट त्याच्याच गळ्याला फास लावत होते. तो गावात दिसला असं कागदावर आलं, की नोकरी गेली, वर जन्मभर ‘भगोडा’ हे नाव चिकटलं.

परत शेवंताबाईंकडे गेलो. “मावशी, तुम्हाला दिसला का?”

“नाय.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “समद्या गावाला दिसला, मलाच नाय दिसला. पन लोक खोटं बोलनारे नायत. सांगतील तसं लिवा तुमी.”

ठाण्यात साहेब म्हणाले, “गावात वावरताना आढळला, असं लिहून मोकळा हो.” माझा हात काही धजेना. पाचही जबाब जसेच्या तसे लावले आणि खाली लिहिलं, ‘सर्व एकाच वेळेचे असल्याने निष्कर्ष काढता येत नाही.’ साहेबांनी विचारलं, हवालदार आहेस की कादंबरीकार? पण कागद तसाच गेला.

दहा दिवसांनी मध्य प्रदेशातल्या एका सरकारी दवाखान्यातून फोन आला. मिलिंद ड्युटीवर जाताना रेल्वेगाडीतून पडला होता. सामान, ओळखपत्र सगळं गेलेलं, त्यामुळे ‘अनोळखी’ म्हणून बेशुद्ध पडून होता. शुद्धीवर आल्यावर त्याने नाव सांगितलं. दवाखान्याचे कागद आमच्याकडे आले तेव्हा मी आधी मंगळवार शोधला. सकाळी साडेनऊला त्याचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केलं. तारीख आणि वेळ मी तीनदा ताडून पाहिली, खोटं कशाला सांगू.

युनिटने त्याच्यावरचा ठपका काढला. तो आजारपणाच्या रजेवर घरी आला, तेव्हा प्रकरण बंद करायला मी गेलो. अंगणात चहा घेताना त्याला पाच जबाबांची गंमत सांगितली. तो हसला नाही.

“दुकान, शाळा... कायच आठवत नाय, साहेब. फकस्त आय आठवते. पाठमोरी बसून तांदूळ निवडत व्हती. हाक मारली, तर वळली नाय.”

शेवंताबाई किटली घेऊन आत निघाल्या होत्या, त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, “आलती हाक, त्या मंगळवारी. दोनदा.”

मी कप खाली ठेवला. “मावशी, मग तेव्हा सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलंत, दिसला का. दिसला नवता.” त्या मिलिंदकडे बघत म्हणाल्या, “माझी आय सांगायची, भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्या हाकेबिगर मागं बघायचं नाय. म्हनून तिसरीची वाट बघत बसले. तू मारलीच नायस रं.”

“मारनार व्हतो गं. तेवढ्यात छातीत जोरात दनका बसला... मग कायच नाय, डोळं उघडलं तर डॉक्टर.”

शेवंताबाई दुसऱ्या हाकेला वळल्या असत्या तर काय झालं असतं, हे कोणीच विचारलं नाही. त्यांनी मिलिंदच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या आत गेल्या.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. एवढंच की आता हरवलेल्या माणसाबद्दल जबाब घेताना ‘दिसला का’ झाल्यावर मी ‘ऐकू आला का’ असंही विचारतो. ठाण्यातली पोरं हसतात. कधीकधी समोरचं माणूस मात्र हसत नाही, खाली मान घालून ‘हो’ म्हणतं.