सुईमावशींचा शेरा

समोरच्याला नुसत्या नजरेने कस्पटासमान करावं ते सुईमावशींनीच. मी घाटकोपरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झालो त्याच सकाळी मला तो प्रसाद मिळाला. क्षयाच्या एका रुग्णाला मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो, रोज दोन अंडी खा, दूध प्या, हवेशीर खोलीत झोपा. दारात उभ्या असलेल्या मावशींनी मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काय ओ डॉक्टरानू, अंडी घालतलो कोण? तुम्ही?" रुग्ण खोकता खोकता हसला. मला मात्र हसायला पुढे दोन महिने लागले.

मावशी आमच्या आरोग्यसेविका. मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी गेली आणि पाठोपाठ नवराही गेला, तेव्हापासून टेकडीवरच्या वस्तीत घरोघर फिरून कोणी गोळ्या घेतल्या, कोणी चुकवल्या ते पाहणं हे त्यांचं काम. त्यांच्या पदराला कायम एक सुई टोचलेली असे. भर दुपारी एखाद्या घरात शिरायचं, दिवा बंद करायला लावायचा आणि सुईत दोरा ओवायला बसायचं. ओवला गेला की वहीत त्या घरापुढे 'सुई आहे'. नाही ओवला गेला तर 'सुई नाही'. जिथे सुई नाही तिथे त्यांच्या दुप्पट फेऱ्या, कारण अंधाऱ्या कोंदट खोलीत एकाचा खोकला सगळ्या घराचा होतो हे त्यांनी इतकी वर्षं पाहिलं होतं. वस्तीतली पोरं मात्र सुई म्हणजे इंजेक्शन समजून धूम ठोकत.

वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात मावशींची जीभ सैल सुटे. 'नवरा आळशी.' 'सासू खडूस, सुनेचं दूध स्वतः पिते.' 'खिडकीपुढे कपाट, अक्कल नाही.' एका घरापुढे 'डॉक्टर बावळट' असं वाचलं आणि आठवलं, तिथे मीच जाऊन आलो होतो. हे कसलं शास्त्र, असं मी एकदा त्यांना विचारलं. "मग तुमची एक्स-रेची मशीन घेऊन चला वर," त्या म्हणाल्या, "मी मागून धरते."

खरं म्हणजे मुलुंडच्या आमच्या गॅलरीतून मला ती टेकडी झकास दिसायची. दुरून डोंगर साजरे. लघवीची जळजळ घेऊन आलेल्या बाईला मी भरपूर पाणी प्यायला सांगायचो. मावशींनी मला एक दिवस तिच्यामागोमाग चढायला लावलं. खालच्या नळावरून हंडा डोक्यावर घेऊन वर, आणि संडासासाठी पुन्हा तेवढंच खाली, शिवाय तिथे रांग. वर पोचेपर्यंत माझा भाता झाला होता. "कळलं?" मावशी म्हणाल्या. "ती पाणी पीत नाही, कारण प्यायलं की उतरावं लागतं. आता सांगा तिला, भरपूर पी म्हणून."

आमच्या सोसायटीच्या सभेत एका सद्गृहस्थांनी ठराव मांडला, की कामाला येणाऱ्या बायका आजार घेऊन येतात, तेव्हा त्यांच्याकडून डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डॉक्टर असून गप्प बसलो, आणि वर हा किस्सा मावशींना गंमत म्हणून सांगितला. त्यांना काही गंमत वाटली नाही. "तुमच्या खिडक्या पुसायला येते ती," त्या म्हणाल्या, "आणि तिच्या घरात खिडकी नाय. सर्टिफिकेट कोणी कोणाला द्यायचं, विचारा त्या शाण्यांना." आणि माझ्याकडे अशी एक नजर टाकली, की मी त्या शाण्यांतच मोडतो हे मला कळावं.

मग टेकडीचा एक भाग पाडून पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यासाठी सह्या गोळा करत वणवण फिरल्या त्या मावशीच. घरात नळ आणि स्वतःचा संडास, याहून मोठं स्वप्न त्यांना कधी पडलंच नव्हतं. सोडतीत त्यांना सातवा मजला लागला. मावशींनी तो एका टेम्पोवाल्याला देऊन त्याचा पहिला मजला घेतला. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याही तेच करत होत्या. "लिफ्ट बंद पडली की हंडा घेऊन परत मीच," मावशी म्हणाल्या. "पाणी वर चढत नाय, हे माका कोणी शिकवायचं? जन्मभर चढलंय. आता डोंगर नको."

दोन इमारतींत हात लांब केला तर समोरच्या भिंतीला लागेल एवढीच जागा. वरचे लोक कचरा त्या फटीत टाकत, म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडक्या बारा महिने बंद. ज्याने तो नकाशा काढला, त्याने स्वतःच्या कुत्र्यालाही तिथे झोपवलं नसतं. दीड वर्षात मावशींची चौदा वर्षांची नात खोकायला लागली. थुंकीचा रिपोर्ट मीच वाचला.

मी भेटायला गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट जळत होती. मावशींनी मला काही बोलू दिलं नाही. उठून दिवा बंद केला, पदराची सुई काढली आणि ओवायला बसल्या. बराच वेळ गेला. "डोळे गेले माझे," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघा."

मी प्रयत्न केला. माझा मलाच हात दिसत नव्हता. सुई परत देत मी म्हणालो, "ओवली बघा, मावशी."

त्यांनी अंधारात बोटांनी चाचपलं. दोरा बाहेरच लोंबत होता.

"डॉक्टरानू," त्या म्हणाल्या, "तुम्हाला खोटंही धड बोलता येत नाय."

दुसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन टेकडीवर गेल्या. तिथे वरच्या ओळीत नणंदेची झोपडी अजून शाबूत होती. पत्र्याची, पण दोन्ही बाजूंनी वारा आणि अंगणात ऊन. मुलगा, सून, शेजारी, सगळ्यांनी वेड्यात काढलं, स्वतःचा संडास सोडून कोणी जातं का? सहा महिने मावशी रोज हंडा घेऊन तो चढ चढल्या. मी दोनदा रागावलो, तुमचं वय काय, गुडघे काय म्हणून. त्यांनी ओठ वाकडे केले, एवढंच. नातीचा कोर्स पूर्ण झाला, वजन वाढलं, ती शाळेत जायला लागली. त्यानंतर महिनाभराने एका सकाळी मावशी त्याच चढावर हंडा बाजूला ठेवून दम खायला बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

त्यांची वही मुलाने मला आणून दिली. शेवटच्या पानावर त्यांच्याच खोलीचा नंबर होता. पुढे 'सुई नाही'. आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'बाई मूर्ख. सातवा मजला सोडला.'

ते वाचून मला रडू आलं नाही, संताप आला. मावशींनी एवढे शेरे मारले, त्यातला एकही चुकला नव्हता, माझ्यावरचासुद्धा. हा एकच चुकला. त्या सातव्या मजल्यावर राहिल्या असत्या तर पहिल्यावर टेम्पोवाला राहिला असता, आणि त्याला तीन पोरं आहेत. त्या खोलीत कोणीतरी खोकणारच होतं.

मी पेन काढून 'बाई मूर्ख' खोडलं. त्या जागी, तो नकाशा काढणाऱ्याच्या नावाने, मावशींच्याच तोंडची एक शिवी लिहिली. माझं मालवणी कच्चं आहे, पण ती बरोबर जमली.