जाळ्यातली बाग

रेवदंड्याला राहायला आलो तेव्हा आमच्या मांजरांनी जन्मात माती पाहिली नव्हती. मुंबईत इमारतीच्या जिन्यात सापडलेली ही भावंडं, एक तांबूस बोका आणि एक करडी भाटी, तिसऱ्या मजल्यावरच वाढली. पुढे माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं आणि जिना सुटला. म्हणून आम्ही इथलं हे बैठं घर घेतलं. मागे नारळ-पोफळीची लहानशी वाडी. ते तिथे बसतील असं मला वाटलं होतं, पण ते खोलीबाहेर यायलाच तयार नव्हते. लोकांनी आपल्याला अशा अवस्थेत पाहू नये, एवढंच म्हणत.

मांजरांना मीच सोडत नव्हते. समोरून अलिबागच्या रिक्षा सुसाट जातात, गल्लीत कुत्र्यांची टोळी, आणि शेजारच्या कोळ्यांच्या अंगणात बोंबील वाळत घातलेले. तेव्हा दोन मांजरं आणि ते, तिघंही एकाच खिडकीशी बसून वाडी बघत.

एकदा धुणं वाळत घालताना मागचं दार नीट लागलं नाही आणि बोका निसटला. कुत्री मागे लागली तसा तो आंब्यावर चढला आणि वर बसून ओरडू लागला. मी नुसतीच खाली उभी. शेजारीण काठी घेऊन धावत आली, तिने कुत्री हाकलली. तिचा नवरा नुकताच होडीवरून परतला होता. तो झाडावर चढला आणि बोक्याला सदऱ्यात गुंडाळून खाली घेऊन आला. त्याच्या हातावर चांगलेच ओरखडे उठले होते. मी हळद घेऊन आले, माफी मागितली आणि आता खिडक्याही बंदच ठेवीन म्हणाले.

शेजारीण म्हणाली, "कोंडून किती दिस ठेवाल? आमचं एक जुनं जाळं पडून हाय. दर्यात चालायचं न्हाय, मांजरांना चालंल."

दुसऱ्याच दिवशी दोघं बांबू घेऊन आली. मागच्या खिडकीपासून जास्वंदीपर्यंतचा तुकडा त्यांनी बांबूंनी घेरला आणि वरून, बाजूंनी जाळं ताणलं. मला सापांची धास्ती, म्हणून खालच्या भागाला बारीक लोखंडी जाळी लावली आणि ती मातीत पुरून वर जांभ्याचे चिरे ठेवले. आमच्यासाठी एक दार केलं. मांजरांनी खिडकीतूनच ये-जा करायची.

हे चाललेलं असताना खिडकीतून माझ्या नवऱ्याचा आवाज आला. "तिकडे... ढिलं..." पुढचा शब्द येईना. मी सवयीने वाक्य पुरं करायला गेले. पण शेजाऱ्याने हातातलं काम थांबवलं, खिडकीकडे वळून "कुठं, दादा?" असं विचारलं आणि वाट पाहत उभा राहिला. बऱ्याच वेळाने "कोपऱ्यात" असं उत्तर आलं. कोपरा खरंच ढिला होता. त्या माणसाचं ते थांबणं मी जन्मभर विसरणार नाही.

भाटीने गवतावर पंजा टेकवला, झटकला, पुन्हा टेकवला. बोका मात्र थेट जास्वंदीखाली जाऊन मातीत लोळला आणि घरात आला तो लाल होऊनच. पुढे दोघं सकाळपासून तिथेच. फुलपाखरामागे उड्या, खारीवर डोळा, दुपारी सावलीत झोप.

काही दिवसांनी मी चहा देत असताना नवरा मला म्हणाला, "मलाही ने."

मी जाळ्यात खुर्ची ठेवली. जास्वंदीमुळे गल्लीतून आतलं काही दिसत नाही, त्याचाच त्यांना धीर आला असावा. भाटी लगेच मांडीवर चढली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते तिथे बसतात. शेजारी स्वतःची जाळी दुरुस्त करायला पलीकडे बसतो आणि दोघं भरती-ओहोटीबद्दल, माशांबद्दल बोलतात. यांचे शब्द सावकाश येतात. त्यालाही कुठली घाई नसते. आता मीही मध्ये बोलत नाही.

इथल्या खाऱ्या, दमट हवेत बांबू टिकत नाहीत. पाऊस सरला की शेजारी आणि शेजारीण आपणहून येतात, कुजलेले बदलतात, फाटलेलं शिवतात. चहाखेरीज काही घेत नाहीत. मी आभार मानू लागले की शेजारीण विषय बदलते आणि भाटीला हाक मारते. यंदा दुरुस्तीच्या वेळी दोरीचं एक टोक माझ्या नवऱ्याने डाव्या हातात घट्ट धरलं होतं. गाठ पक्की बसेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.