मास्तरांचा दुपटीचा फंड

एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि आमचे हे एक मोजा हातात घेऊन दुसऱ्याच्या शोधात घरभर. तेवढ्यात दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरचे मास्तर. हातात मोबाइल, शर्टाची बटणं वर-खाली लागलेली.

"ताई, तुम्ही कॉमर्सच्या ना? दोन मिनिटं हवी होती."

हे मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवायचे. अर्ध्या गल्लीने त्यांच्या शेजारी बसून स्टिअरिंग धरलं. मी रिव्हर्स घेताना भिंत गाठली, तेव्हा एवढंच म्हणाले, "भिंत सरकत नाही हो, आपणच जमवून घ्यायचं." पुढे नजर अधू झाली आणि त्यांनी गाडी विकली. ते पैसे मास्तरीणबाईंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी राखलेले. बाई अजून जिना आडव्या पावलांनी चढतात आणि भेटेल त्याला सांगतात, "पैसे ठेवीत आहेत, तारीख मिळाली की झालं."

पैसे ठेवीत नव्हते, हे मला तेव्हा दारातच कळलं. मास्तरांनी ते दुपटीच्या फंडात घातले होते. एका कंपनीचा शेअर दिवसात जितका हलेल, त्याच्या दुप्पट हा फंड हलणार, वर तसाच खाली. घेताना कुणी हटकलं नाही. शेअर वर्षभर हेलकावे खाऊन मूळ भावाला आला, मास्तरांच्या पैशांतला तिसरा हिस्सा मात्र गेला. आणखी घेऊन भरपाई करू म्हणाले, तोवर सरकारचा नियम आला: असले फंड खुशाल विका, घ्यायचे तर आधी परीक्षा द्या.

"दोनदा नापास केलं मला! विचारतात, शेअर दहा टक्के पडला आणि दुसऱ्या दिवशी मूळ भावाला आला, तर फंडही येईल का? येणारच की!"

"नाही येत, मास्तर. शंभराचा शेअर नव्वद झाला, तर फंड ऐंशी. नव्वदचे शंभर व्हायला अकरा टक्के वाढ लागते. फंड त्याच्या दुप्पट, बावीस टक्के वाढेल, पण ऐंशीवर. शंभर होतच नाहीत."

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "म्हणजे थांबलो तरी भरून निघणार नाही?"

"निघेलच याची खात्री कोण देणार?"

"माझे पैसे, माझी अक्कल, असं म्हणत मी कालपर्यंत फंडवाल्यांशी भांडत होतो. चौकात लॉटरी विकतात, तिथे घेतात का परीक्षा?"

"तुम्ही तरी शिकाऊ माणसाला एकट्याला सोडायचात का रस्त्यावर?"

"नाही सोडलं कधी! माझ्या पायाशी जादा ब्रेक असायचा. पण तो पहिल्या दिवसापासून, ताई. पोरगं खांबाला धडकल्यावर नाही बसवला मी."

मी उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस बंद केला.

जिन्यातून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "अहो, कुठे गप्पा छाटत बसलात? टॅक्सी येईल. आज तारीख घ्यायचीय ना डॉक्टरांची?"

"आलो, आलो!" मास्तरांनी मोबाइल खिशात टाकला आणि आवाज खाली आणला.

"ताई, तिला तुम्ही सांगा. सरकारने फंड बंद केला, पैसे त्यात अडकले, एवढंच. मी घालवले म्हणू नका."