पालथं निजवताना

वाशीमच्या एका खासगी दवाखान्यातील अतिदक्षता विभागात वैजयंती बरीच वर्षे परिचारिका आहे. मूळची अनसिंगची. कृत्रिम श्वासाच्या यंत्रावरचा रुग्ण बोलू शकत नाही, म्हणून त्याच्या वाटचेही तीच बोलते. "आता नळी साफ करून राह्यली बरं, खोकला येईन." सोबतच्या मुली हसतात, झोपेच्या औषधाखाली असलेल्याला काय ऐकू येणार? वैजयंती म्हणते, "नसंन येत, तं माहं काय गेलं?" रुग्णाशी बोलणे तिला कधी जड गेले नाही. जड जात असे ते दारापलीकडच्या बाकावर बसलेल्यांशी बोलणे. यंत्र लावले म्हणजे माणूस संपला, अशी त्या बाकाची पक्की समजूत. त्या बाकावरच तिला शिरपूर जैनची रंगूबाई भेटली, आणि तिचे ऋण वैजयंती आजही मानते.

रंगूबाईची सून निकिता न्यूमोनियाने आली होती. दोन्ही फुप्फुसे भरलेली; यंत्रातून निव्वळ ऑक्सिजन देऊनही रक्तातले त्याचे प्रमाण चढेना. डॉक्टरांनी तिला पालथे निजवायचे ठरवले. निकिताचा नवरा हरीओम संमतीची सही करणार, तोच त्याची आई उठून उभी राहिली.

"पालथं? जित्या माणसाले? अपशकुन असते तो. आमच्या घरी कोणी पालथं निजलं तं झोपेतून उठवून सुलटं करतो आमी. ठेव तो पेन, हरीओम. गाडी बोलाव, पोरीले घरी नेऊ."

यंत्रावरून काढलेली निकिता शिरपूरच्या निम्म्या वाटेपर्यंतही पोचली नसती. हरीओम एकदा आईकडे, एकदा वैजयंतीकडे पाहत राहिला.

"माय, उताणं निजून निजून पाठीकडचं फुप्फुस दबलं हाये," वैजयंती म्हणाली. "तिथं हवाच पोचत नाई. पालथं केलं का ते मोकळं होते, साचलेलं सुटते."

"सारं उलटंच शिकवते का वं तुमाले?" रंगूबाई फणकारली. पण गावातली कितीतरी बाळे तिच्या हातून न्हाऊनमाखून निघाली होती. मग तिनेच विचारले, "सुटते म्हणता? म्हंजे तेल लावतांना लेकराले पायावर पालथं टाकतो, पाठ चोळली का छाती मोकळी होते, तसं?"

 इतक्या वर्षांत वैजयंतीला हे सुचले नव्हते.

"तसंच, माय. बिलकुल तसंच."

"मंग मान एका बाजूले ठेवजा, नाक दबते. अन् पोट अधांतरी पायजे." मग लेकाकडे वळून, "पाहून काय राह्यला? कर सही!"

डॉक्टरांनी उशाशी नळी धरली, बाकीच्यांनी दोन्हीकडून चादर. छातीखाली उशी, कमरेखाली उशी, पोट मोकळे, चेहरा एका बाजूला. "निकिता, पालथं करून राह्यलो बरं," वैजयंती तिच्या कानाशी म्हणाली. "तुह्या सासूनं हो म्हटलं." पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा आधी खाली आला; वैजयंतीने नळीचा जोड पुन्हा चाचपून पाहिला. मग तो सावकाश, अंगणात रांगणाऱ्या मुलासारखा थांबत थांबत वर चढू लागला.

त्यानंतर निकिताला पुन्हा उताणे, पुन्हा पालथे करावे लागले. एका सकाळी नळी निघाली. तिने घोगऱ्या आवाजात पाणी मागितले; वैजयंतीने ओल्या कापसाने तिचे ओठ टिपले आणि रंगूबाईला आत बोलावले.

"लय उपकार झाले, बाई," रंगूबाईने हात जोडले.

वैजयंतीने ते हात धरले. "उपकार तुमचे, माय. तुमी नाई म्हटलं असतं तं मी काय केलं असतं?"

"काय करता? भांडल्या असत्या! तोंड हाये ना तुमाले."

वैजयंती हसली. ती भांडली असती, हे खरेच. पण घरच्यांनी न्यायचेच म्हटले असते, तर निकिताची नळी यंत्रापासून तिलाच सोडवावी लागली असती.  रंगूबाईचे खरखरीत, उबदार हात तिने बराच वेळ सोडले नाहीत.