खालची चांदणी

पेंटर ब्रश धुवायला बसला आणि सगळ्यांत बारीक ब्रश हातात येताच थबकला. ब्रश कोरा होता. काल दुकानातून नवा आणला तसाच, केसाला रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

मग काल पोहण्याच्या तलावावरच्या पाटीची शेवटची ओळ लिहिली कशानं? लिहिलीच नव्हती!

पेंटरची पद्धत ठरलेली. आधी मोठी अक्षरं, त्यांच्या शेवटी चांदणी, आणि रंग वाळला की तळाशी तशीच दुसरी चांदणी काढून तिच्यापुढे बारीक ओळ. दुकानदार त्याच्याकडून ‘अर्ध्या किमतीत’ मोठ्ठं लिहून घेत आणि ‘अटी लागू’ मुंगीएवढं. पेंटरला ते खपायचं नाही. ‘चांदणी म्हणजे गिऱ्हाइकाला मारलेली हाक, खाली बघ बाबा,’ असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. बायकोनं तर ते इतक्यांदा ऐकलं होतं, की तो तोंड उघडायच्या आत तीच म्हणायची, “हो हो, खाली बघ बाबा!”

कालच्या पाटीवर होतं, ‘खोल बाजूला उडी मारण्यास परवानगी’ आणि पुढे चांदणी. खाली यायचं होतं, ‘पाणी लाल रेघेच्या खाली असल्यास उडी मारू नये.’ रंग वाळेपर्यंत तो रखवालदाराशी गप्पा मारत बसला. गुडघेदुखीचा विषय निघाला, दोघांचंही दुखणं एकच, मग काय विचारता! उठला तो डबे आवरून थेट घरी. फाटकातून वळून पाटीकडे पाहिलं, तेव्हा स्वतःवर खूशही झाला होता मेला. बारीक ओळ तिथून तशीही दिसली नसती.

आणि तलाव नुकताच धुतलेला. पाणी अजून भरत होतं, रेघेच्या पुष्कळ खाली. हे त्यानं काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आज तिची पहिली उडी होती. बायकोची. बाकीच्या बायका गुडघ्याला पट्टे बांधतात त्या वयात ही त्याच तलावावर पोहायला शिकत होती. आज तर निघताना म्हणालीसुद्धा, “परत नाही आले तर भाजी झाकून ठेवलीय.” तो हसला होता.

त्यानं फोन लावला. तो स्वयंपाकघरातच वाजला. तलावावर कुणी उचलेना. स्कूटर दोन लाथांत चालू व्हायची ती आज खोकत राहिली. शेवटी ती टाकून तो पळत सुटला, बारीक ब्रश हातात तसाच.

“अहो पेंटर, काय आग लागली का?” न्हाव्यानं दुकानातून विचारलं. त्याला उत्तर द्यायलाही दम नव्हता. देवा, एवढी एक वेळ सांभाळ. डोकं आपटलं तर? मान मोडली तर? आणि मी भाजी गरम करत बसलो असतो!

तलावाच्या फाटकाशी आरडाओरडा ऐकू आला. तो तसाच आत घुसला.

खोल बाजूला सगळ्या बायका रांगेत तिष्ठत होत्या. सर्वांत पुढे, काठावर, दोन्ही हात पसरून त्याची बायको उभी. नवीन आलेली शिकवणारी मुलगी वैतागून ओरडत होती, “काकू, भीती वाटत असेल तर तसं सांगा! पाटीवर चक्क परवानगी लिहिलीय.”

“भीती वाटतेच आहे गं,” बायको म्हणाली. “पण पाटीवर चांदणी आहे आणि खाली काहीच नाही. माझा नवरा चांदणी काढून तशीच सोडणारा माणूस नाही. खालची ओळ कुणीतरी पुसलीय. ती कळेपर्यंत मी कुणाला उडी मारू देणार नाही.”

पेंटर मटकन खाली बसला.

“अहो! तुम्ही इथे?” ती धावत आली. “बरं झालं आलात. बघा ना, तुमची ओळ कुणी पुसली!”

“कुणी नाही गं.” त्यानं कोरा ब्रश तिच्यापुढे धरला. “मीच विसरलो.”

तिनं ब्रश घेऊन त्याच्या केसांवर बोट फिरवलं. मग तिनं अजून लाल रेघेच्या खालीच असलेल्या पाण्याकडे पाहिलं, आणि त्याच्या शेजारी फरशीवर बसली.