आधी आवाज कमी करा

आमच्या सांगलीतल्या बापू शिंप्यांच्या दुकानात फळीवर एक जुना रेडिओ आहे. दिवसभर नुसत्या खेळांवर गप्पा मारणारं, देशभर ऐकू जाणारं एक केंद्र त्यावर लागायचं. श्रोते फोन करून थेट कर्णधाराला अक्कल शिकवायचे. ते केंद्र बंद पडून कितीतरी वर्षं झाली, पण बापूंनी काटा तिथून हलवलेला नाही.

काल पँट आणायला गेलो, तर तिथे परवाच्या सामन्यावरून जुंपली होती. पण बोलण्याआधी प्रत्येक जण शिस्तीत सांगत होता, "नमस्कार, मी सांगलीहून तानाजी बोलतोय." आणि सगळे बसलेले सांगलीतल्याच एका बाकावर! मला हसू आवरेना. केंद्र बंद पडलं, म्हणून फोन लावणारे थोडेच बंद पडतात?

मग मलाही राहवेना. "नमस्कार, मी सांगलीहून..." एवढं म्हणतोय तोच बापूंनी कात्री उगारली. फोनमध्ये आवाज घुमू नये म्हणून त्या केंद्रावरचा निवेदक प्रत्येक फोनवाल्याला दटावायचा, अगदी तसंच ते म्हणाले, "आधी तुमच्या रेडिओचा आवाज कमी करा."

मी फळीपाशी गेलो आणि त्या गप्प रेडिओचं बटण पिळलं.

"हं," बापू म्हणाले, "आता स्पष्ट ऐकू येतंय. बोला."